चार तासांची गाणी

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत हे गावाकडं, सोयगावला कळलं आणि चौथ्या दिवशी आत्या आली. एका हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी होती. त्या शेंगा मला आता चालणार नव्हत्या, पण ते तिला सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. दुसऱ्या हातात तळहाताएवढं एक प्लास्टिकचं यंत्र होतं. तिनं बटण दाबलं आणि आमच्या हॉलमध्ये नामजप सुरू झाला.

"आता तू हेच ऐकत जाय," आत्या म्हणाली. "बाकीचं समदं सोडून दे. मन देवाकडं लाव."

"आत्या, मी चाळीस वर्षांची आहे."

"मंग?"

"मंग काही नाही. अजून मरायला टेकले नाही."

आत्या रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण शब्द काही मी मागं घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा ते यंत्र मी तिच्याच पिशवीत परत घातलं. त्या आठवड्यात अशी आणखी दोन यंत्रं आली, एक शेजारच्या काकूंकडून आणि एक नवऱ्याच्या ऑफिसातून. नवरा म्हणाला, "ठेव ना. ऐकायचंच असं थोडंय?" मी ठेवली नाहीत. ऐकणारी मी आहे, तर काय ऐकायचं ते मी ठरवणार, एवढंच माझं म्हणणं होतं. देवाशी माझं भांडण नव्हतं. मला लवकर निरोप देणाऱ्यांशी होतं.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी काहीच ठरवून ऐकलं नव्हतं. माहेरी रेडिओचं बटण भावाच्या हातात असायचं, सासरी गाडीतलं नवऱ्याच्या. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. खाली दिवसभर प्रेस धडधडत असतात, त्यामुळं घरी आल्यावर गप्प बसणं हीच चैन वाटायची. पहिल्या डायलिसिसला मी थरथरत होते, तेव्हा सिस्टरनं मायेनं विचारलं, "तुमचं आवडतं गाणं सांगा, लावते मी." मला एकही सांगता आलं नाही. शेवटी तिनं तिच्याच आवडीचं लावलं.

आमचं डायलिसिस सेंटर क्रांती चौकापासून दोन गल्ल्या आत, एका हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर आहे. दहा खाटा, दहा मशीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. सुरुवातीला मानेत नळी होती. दोन महिन्यांनी डाव्या हातात ऑपरेशन करून सुयांसाठी केलेली जागा तयार झाली आणि सुया सुरू झाल्या. जाडजूड दोन सुया. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. घरी पाणी मोजून प्यायचं, चहा आणि वरणसुद्धा त्यातच धरायचं, कारण प्यालेलं सगळं अंगातच राहतं आणि पुढच्या वेळी वजनकाट्यावर दिसतं.

सुयांच्या पहिल्या दिवशी मी घरी येऊन तोंड पाडून बसले. मुलगी तेव्हा नववीत होती. ती माझ्यापुढं फरशीवर मांडी घालून बसली आणि मोबाईल काढला.

"आई, तुला कसलं गाणं पाहिजे?"

"सुई टोचतानाचं."

"म्हणजे शांत?"

"शांत नको. शांत सगळेच द्यायलेत मला. मला मारामारी करावी वाटायली. तसलं बघ."

ती हसली आणि शोधायला लागली. आधी सिनेमातली दोन-चार लावली, पण ती ऐकून मला हिरोच डोळ्यांसमोर यायला लागले. मग गिटारींचा कडकडाट आणि त्यात एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. मी म्हटलं, "याला तर माझ्यापेक्षा जास्त दुखायलंय." असं करत करत तिनं एक ढोलांचं लावलं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातलं होतं. पंधरा-वीस जण एकदम ढोल बडवत होते आणि मधेच बायका अशा किंचाळून उठत होत्या की अंगावर काटा यावा. एक अक्षर कळत नव्हतं. पण माझा पाय हलायला लागला. मुलीनं तो बघितला आणि गाणं तिथंच ठेवलं.

पुढच्या सोमवारी टेक्निशियननं सुई हातात घेतली. "मॅडम, तयार?"

"थांबा," मी म्हटलं. उजव्या हातानं गाणं लावलं, ढोल सुरू होऊ दिले. "आता टोचा."

दुखलं तेवढंच. पण आधी मी छताकडं बघायची, त्या दिवशी सुईकडं बघितलं. टेक्निशियनलाही ते जाणवलं असावं. तो म्हणाला, "क्या सुन रहे मॅडम?" मी इअरफोनचा एक तुकडा त्याच्या कानाजवळ धरला. त्यानं मान डोलावली आणि दुसरी सुई तालावर टोचली.

तिथून मला नादच लागला. एका गाण्याच्या खाली दुसरं दिसायचं, त्याच्या खाली तिसरं. मी याद्या करायला लागले. 'सुई' नावाची एक. 'तिसरा तास' नावाची दुसरी, कारण तिसऱ्या तासाला बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि ढोल नकोसे होतात. तिथं मला सरोद सापडला. शास्त्रीय संगीत हे कळणाऱ्या लोकांचं असतं अशी माझी समजूत होती. पण एक राग उलगडायला पाऊण तास लागतो म्हणे, तर माझ्याकडं चार तास होते आणि उठून जायची सोय नव्हती. कळतं की नाही हा प्रश्नच आठवड्याभरात पडायचा थांबला. आणखी एक यादी होती, 'कुणी कीव केली तर'. तिच्यातली गाणी मोठ्या आवाजात ऐकायची होती आणि ती झपाट्यानं वाढत गेली.

घरी जातानाची गाणी मात्र टेक्निशियननं दिली. एकदा मशीन सोडवताना तो लाजत म्हणाला, "मॅडम, ये सुनो. शादी में गाते हमारे घर में. ढोलक पे मेरी अम्मी है." मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग होतं. मागं भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि आठ-दहा बायका दख्खनीत सासूची, नणंदेची आणि खुद्द नवरदेवाची अशी काही टर उडवत होत्या की रिक्षात मी एकटीच हसत सुटले. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. शहरात आल्यापासून त्यांच्या मोहल्ल्यावरून मी हजार वेळा गेले असेन. आत असं काही गातात हे मला माहीत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर मावशी असायची. नात्यानं कुणी नाही, मीच तिला मावशी म्हणायला लागले. साठीच्या पुढची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, डायलिसिसचं तिचं चौथं वर्ष. एक दिवस तिनं विचारलं, "काय ऐकते गं एकलीच?"

मी एक इअरफोन तिला दिला. तिनं ढोल ऐकले.

"हात चांगलाय. पण सांगायलेत काय?"

"मला नाही कळत."

"कळत नाय अन् ऐकते?"

"सल्ला देत नाही ना मावशी ते. म्हणून."

मावशी एवढी हसली की तिचा सुईचा हात हलला आणि मशीन केकाटायला लागलं. सिस्टर धावत आली. तिची पाठ वळल्यावर मावशी म्हणाली, "आता माझं ऐक." आणि हळू आवाजात ती भीमगीत गायला लागली. पंधराव्या वर्षापासून ती वस्तीतल्या बायकांच्या मंडळात गात होती. आवाज थोडा फाटला होता, पण ताल असा पक्का की मशीनची टिकटिक मागं पडली.

आमचं घर जमीनजुमलेवाल्यांचं. भीमगीतं मी लहानपणापासून फक्त लांबून ऐकली होती, एप्रिलमध्ये, कर्ण्यावरून. आमच्याकडं "त्यांचं चाललंय" म्हणत खिडकी लावून घ्यायचे. पुढं शहरात आल्यावर मीही लावून घ्यायची. मावशीचं गाणं संपलं तेव्हा मी तिला हे सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक, पण न सांगता पुढचं गाणं ऐकणं मला जमलं नसतं.

मावशीनं माझ्या सुईच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग आता कुठं जाशील? हात तर बांधलाय." आणि दुसरं सुरू केलं.

त्यानंतर प्रत्येक पाळीला ती शेवटच्या अर्ध्या तासात गायची. समोरच्या खाटेवरचे दौलताबादचे काका पेरूचे बागायतदार होते. ते डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवायचे. पण त्यांच्या मुलानं तक्रार केली. महिन्याभरापूर्वीच नवे व्यवस्थापक आले होते, त्यांनी भिंतीवर कागद लावला. रुग्णांनी गाऊ नये, मोबाईलवर गाणी ऐकू नयेत, शांत व भक्तिमय वातावरण राखावं. आणि भक्तिमय वातावरणासाठी टीव्हीवर एक भजनांचं चॅनेल सकाळी सातपासून मोठ्यानं लावलं.

बुधवारी साहेब स्वतः बघायला आले. माझ्या कानात इअरफोन होता.

"मॅडम, नोटीस वाचली नाही का?"

"वाचली. शांतता पाहिजे ना? टीव्ही बंद करा, मी पण बंद करते."

"टीव्हीवर देवाचं आहे."

"मग ती शांतता नाही साहेब, ती तुमची आवड आहे. माझी आवड माझ्या कानात आहे. तुमची दहा जणांच्या कानात चाललीय."

"हे हॉस्पिटल आहे," ते म्हणाले. "पटत नसेल तर दुसरीकडं सोय बघा."

हे ते अशा माणसांना सांगत होते, ज्यांचं रक्त त्या क्षणी मशीनमधून फिरत होतं. मी कानातला इअरफोन ओढून काढला. तेवढ्यात शेजारी मावशीनं गायला सुरुवात केली. रोजच्यासारखं हळू नाही. भर चौकात गातात तसं, पूर्ण गळ्यानं. टीव्ही ऐकूच येईना. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी मोकळ्या हातानं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरला. बघते तर दौलताबादचे काका. मग त्यांच्या पलीकडचे, मग मी. साहेब मधे उभे. काकांनी ठेका न सोडता त्यांना सांगितलं, "पोराचं काय मनावर घेता साहेब? त्याला काय कळतं? गाऊ द्या बाईला."

साहेब निघून गेले. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. नऊ पेशंटांनी सह्या केल्या. दहावे झोपेत होते, त्यांनी शुक्रवारी केली. दोन आठवड्यांनी टीव्ही बंद झाला, इअरफोनला परवानगी मिळाली आणि शेवटचा अर्धा तास दार लावून गायचं असं ठरलं. आम्ही जिंकलो. पण पुढच्याच आठवड्यात मला कळवलं गेलं की व्यवस्थेच्या सोयीसाठी माझी वेळ बदलली आहे. आता दुपारी बारा ते चार. कारण मी विचारलं, लेखी विचारलं, आणि लेखी उत्तरातही सोयीसाठी एवढंच आलं.

ते अडीच महिने वाईट गेले. कारखान्यातले तीन दिवस पूर्ण बुडायला लागले. दुपारच्या पाळीत ओळखीचं कुणी नव्हतं. ढोल लावले की चिडचिड व्हायची, सरोद लावला की मन दुसरीकडंच जायचं. अशात एका दुपारी शोधता शोधता एका बाईचा आवाज लागला. तिच्यासोबत एकच वाद्य, ते पण मधूनमधून. भाषा याही वेळी कळली नाही. पण ती कुणाला तरी कायमचं सोडून आल्यासारखी गात होती. मी रडायला लागले. आजार कळल्यापासून मी रडलेच नव्हते. नवऱ्यासमोर नाही, मुलीसमोर तर नाहीच. त्या दिवशी उरलेले दोन तास मी तेच गाणं लावून रडत होते, आणि अनोळखी पाळीतल्या कुणी मला काही विचारलं नाही. उठले तेव्हा अंग हलकं वाटत होतं. मशीननं काढलेल्या पाण्यापेक्षा जास्त काहीतरी गेलं होतं.

पुढं सकाळची एक खाट रिकामी झाली आणि मी परत सातच्या पाळीत आले. खाट कशी रिकामी झाली हे आमच्यात कुणी विचारत नाही. मावशीला मी उत्साहानं ते गाणं ऐकवलं. तिनं अर्ध्यातच इअरफोन काढला.

"रडकं हाय. असलं ऐकू नको. रडत बसणाऱ्याला हे मशीन जिता सोडत नाय, चार वर्षं बघायले मी."

"मला आवडतं ते."

"आवडंना का. उभं राहायचं गाणं ऐकावं माणसानं."

आणि मी भडकले. ज्या बाईनं माझ्यासाठी आवाज चढवला होता तिच्यावरच. "मावशी, आत्या म्हणते देवाचं ऐक. डॉक्टर म्हणतात आनंदी राहा. तुम्ही म्हणता लढायचं ऐक. मला रडायचं असलं तर मी परवानगी कुणाची काढू?"

मावशीनं मान पलीकडं वळवली. तीन पाळ्या आम्ही बोललो नाही. शेवटच्या अर्ध्या तासात ती गायची, मी दांडीवर ठेका धरायची, पण एकमेकींकडं बघायचो नाही. माझं चुकलं असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मावशीची लेक तिला किडनी देणार होती. तपासण्या वर्षभर चालल्या होत्या, सगळं जुळत आलं होतं. मग एका बुधवारी मावशी आली ती कुणाशी न बोलता खाटेवर आडवी झाली. सिस्टरकडून कळलं, हृदय ऑपरेशन झेपण्यासारखं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता हे मशीनच, कायम. सुया लागल्या, पहिला तास गेला. दुसऱ्या तासात तिनं उजवा हात माझ्या दिशेनं लांब केला.

"दे."

"काय मावशी?"

"ते तुझं. रडकं."

मी एक इअरफोन तिच्या हातावर ठेवला आणि गाणं लावलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत राहिलं, तिनं पुसलं नाही. संपल्यावर बोटानं खूण केली, परत लाव. तीनदा ऐकलं तिनं. मग इअरफोन परत देत म्हणाली, "गळा चांगलाय बाईचा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तालात जरा कच्ची हाय." मला हसू आलं आणि तिलाही. त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात ती गायली नाही, आणि कुणी आग्रह केला नाही. शुक्रवारी गायली.

याला आता वर्ष होऊन गेलं. यंदाच्या हिवाळ्यात आत्याच्या नातीचं लग्न होतं. रविवारी दुपारी हळद, सोयगावला. मांडवात माझ्यासाठी कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली होती, वर उशी. येणारी प्रत्येक बाई त्या खुर्चीजवळ थांबून आवाज खाली आणत विचारायची, "बरं हाय ना आता?" मी बरंय म्हणत होते. समोर डीजेच्या पेट्या एवढ्या मोठ्यानं वाजत होत्या की उशीसुद्धा थरथरत होती. गाणं मला मुळीच न आवडणारं. एकच ओळ घोटून घोटून म्हणणारं, वर भोंग्यासारखा आवाज. माझ्या कुठल्याच यादीत मी ते घेतलं नसतं. मुलगी हळदीनं पिवळी होऊन नाचत होती. तिनं मला लांबून हात केला.

"तिला नको ओढू गं," आत्या ओरडली. "तिला बसू दे!"

मी उठले. चप्पल काढली आणि पोरींच्या घोळक्यात शिरले. नाचता मला कधीच येत नव्हतं, त्या दिवशीही आलं नाही. पण ते घाणेरडं गाणं पायाखालून वर चढत होतं आणि त्याला बरं-वाईट म्हणायची मला गरज वाटली नाही. आत्या मागोमाग घुसलीच. "अगं हाताला धक्का लागंल, तुला काही अक्कल हाय का नाय," असं बडबडत ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून पोरींना अडवायला लागली. सगळी गाणी होईपर्यंत ती हलली नाही आणि तोंडही थांबलं नाही. मधेच तिची मान तालावर हलताना मी बघितली.

सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभी राहिले. सिस्टरनं आकडा बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"साडेतीन किलो जास्त? काय केलं हो दोन दिवस?"

"नाचले."

"नाचून वजन वाढतं का कुठं?"

"नाचल्यावर तहान लागते."

शेजारच्या खाटेवर मावशी खुसखुसत होती. सिस्टर तिच्याकडं बघून आणखी चिडली. "हे बघा, पुन्हा असं चालणार नाही. सांगून ठेवते."

"पुढचं लग्न मे महिन्यात आहे," मी म्हटलं आणि खाटेवर आडवी होऊन हात पुढं केला.